व्यापारधर्म : प्रमाणपत्र परक्याचे, पत आपली

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या वाटेवर, कागल तालुक्यात बिद्री आहे. दुधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही सर्वांना ठाऊक झाले. कारखान्याच्या गावाचे वर्ष दोन हंगामांत विभागलेले असते. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बॉयलर थंडावतो. त्यानंतर ऑफ सीझनच्या दुरुस्तीचे दिवस येतात. यंत्रे उघडली जातात, झिजलेले भाग काढले जातात, नव्या नळ्या, पत्रे, शाफ्ट आणि व्हॉल्व्ह बसवले जातात. साखर कारखान्यांच्या आधाराने जगणाऱ्या लहानमोठ्या व्यापाऱ्यांचा खरा हंगाम हाच असतो.

समजा, अशाच एका गावातील पेढीवर स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचे बंडल येऊन पडले आहेत. माल परदेशातून मुंबईच्या बंदरात आणि तेथून मोठ्या आयातदाराच्या गोदामातून इथवर पोहोचला आहे. नळ्या चकचकीत आहेत. सोबत सुबक छापलेले मिल टेस्ट सर्टिफिकेट आहे. त्यावर ग्रेड ३०४ असे लिहिले असून क्रोमियम, निकेल, मँगनीज, कार्बन यांची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेली आहे. खाली सही आहे, शिक्का आहे. पेढीवरचा तरुण मुलगा वडिलांना विचारतो, ‘‘बाबा, कागद पूर्ण आहेत. माल पुढे पाठवू ना?’’ या साध्या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्याने काय द्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. धातूच्या व्यापारात मात्र ही म्हण फसवते. नळी हातात असते, डोळ्यांसमोर असते, तरी तिच्यात काय आहे ते दिसत नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेल महाग असते. म्हणून निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरण्याची रीत निघाली आणि त्यातून दोनशे मालिकेची पोलादे तयार झाली. २०२ या जातीत निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज साडेसात ते १० टक्के असते. त्याहूनही कमी निकेलचे प्रकार बाजारात आहेत. घासून चमकवल्यावर ही सारी भावंडे जुळ्यांसारखी दिसतात.

दुकानात लोहचुंबक लावून पाहण्याची सवय जुनी आहे. पण चुंबक ३०४ लाही चिकटत नाही आणि २०२ लाही नाही. उलट अस्सल ३०४ ची नळी थंड अवस्थेत ओढली किंवा वाकवली, तर तिच्यात किंचित चुंबकत्व येऊ शकते. म्हणजे ही कसोटी चांगल्या मालावर संशय घेते आणि हलक्या मालाला निर्दोष ठरवते. ज्या पेढीची सगळी परीक्षा चुंबकावर थांबते, त्या पेढीने परीक्षा केलीच नाही असे समजावे.

फरक दिसत नसेल तर बिघडते काय? याचे उत्तर कारखान्याच्या इव्हॅपोरेटरमध्ये मिळते. तेथे उसाचा पातळ रस नळ्यांतून वर चढतो आणि नळ्यांबाहेरच्या वाफेच्या उष्णतेने आटत जातो. वाफेचे जे पाणी होते ते बॉयलरकडे परत नेले जाते, कारण ते शुद्ध आणि गरम असते. नळ्यांच्या आत साचलेला थर काढण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि आम्ल वापरले जाते. रस, उष्णता आणि ही रसायने यांना महिनोन्‌महिने तोंड देणे हे त्या धातूचे काम आहे. हलक्या जातीच्या नळीला गंजाचे खड्डे पडू लागले आणि तिला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तरी रसातील साखर बॉयलरच्या पाण्यात शिरू शकते. मग ते पाणी आम्लधर्मी होते, फेस धरते, बॉयलरच्या नळ्यांत थर साचतात. शेवटी गाळप थांबवावे लागते.

गाळप थांबले तरी ऊस थांबत नाही. तोडलेला ऊस गाडीत आणि ट्रॉलीत वाळत राहतो, त्याचे वजन घटते आणि त्यातील साखर उतरू लागते. तोडणी मजुरांचे दिवस वाया जातात. ज्या शेतकऱ्याने कधी ३०४ हा आकडा ऐकलेला नाही, त्याच्या घामाच्या पैशातून त्या नळीची किंमत वसूल होते. आणि बॉयलरच्या दाबाखाली काम करणारी नळी हलकी निघाली, तर प्रश्न पैशापुरता राहत नाही, तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर येतो. म्हणूनच भारतीय बॉयलर विनियम, १९५० या नियमावलीने बॉयलरच्या नळ्यांसाठी केवळ विक्रेत्याचा शब्द पुरेसा मानला नाही. तेथे मान्यताप्राप्त तपासणी यंत्रणेची साक्ष लागते.

मग मिल टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे काय? ते उत्पादकाने स्वतःच्या मालाविषयी दिलेले निवेदन असते. जगाच्या धातुव्यापारात प्रचलित असलेल्या ईएन १०२०४ या युरोपीय मानकात अशा कागदांचे प्रकार सांगितले आहेत. त्यातील ३.१ या प्रकारावर उत्पादकाच्याच तपासणी विभागाची सही असते. हा विभाग उत्पादन विभागापासून वेगळा असावा लागतो. ३.२ या प्रकारावर त्याखेरीज खरेदीदाराच्या प्रतिनिधीची किंवा स्वतंत्र निरीक्षकाचीही सही असते. पुष्कळ व्यापारी हा एका आकड्याचा फरक वाचत नाहीत. ३.१ म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या नावाने घेतलेली शपथ, आणि ३.२ म्हणजे त्या शपथेला मिळालेला साक्षीदार.

बहुतेक उत्पादक ही शपथ प्रामाणिकपणे घेतात, यात शंका नाही. परंतु शपथ मोडली जाते तेव्हा काय होते, याची दोन ठळक उदाहरणे जगासमोर आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टील या नामांकित कंपनीने कबूल केले की ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या काही उत्पादनांच्या चाचणीचे आकडे बदलून माल शेकडो ग्राहकांना पाठवला गेला होता. दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. नासा या अंतराळ संस्थेच्या टॉरस एक्सएल या प्रक्षेपकाचे २००९ आणि २०११ मधील दोन उड्डाण-प्रयत्न निष्फळ ठरले. टोकावरील संरक्षक आवरण वेगळे झाले नाही आणि दोन्ही उपग्रह गमावले गेले. तपासानंतर २०१९ मध्ये नासाने कारण जाहीर केले. आवरणाच्या जोडातील ॲल्युमिनियमचे भाग पुरवणाऱ्या कंपनीने १९ वर्षे चाचणीची प्रमाणपत्रे खोटी केली होती. नुकसान ७० कोटी डॉलरहून अधिक होते. जिच्याकडे जगातील उत्तम शास्त्रज्ञ आहेत, तिलाही कागदाने फसवले. मग पेढीवर बसलेल्या माणसाने केवळ शिक्का पाहून निश्चिंत व्हावे काय?

खरेदी-विक्रीच्या साखळीत धोका मूळ उत्पादकाकडेच असतो असेही नाही. खऱ्या प्रमाणपत्राची छायाप्रत दुसऱ्याच मालाला जोडली जाते. एका हीटच्या बंडलात दुसऱ्या हीटच्या नळ्या मिसळल्या जातात. पोलाद एका वेळी जेवढे वितळवून ओतले जाते त्याला हीट म्हणतात आणि त्या प्रत्येक ओताला क्रमांक दिलेला असतो. प्रमाणपत्रावरचा हीट नंबर आणि नळीवर छापलेला किंवा ठोकलेला नंबर एकच आहे का, हे पाहायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही, फक्त चष्मा आणि दहा मिनिटे लागतात. तरी हे काम कित्येक गोदामांत होत नाही.

आपल्याच महाराष्ट्राशी जोडलेली एक घटना याहून वेगळा धडा देते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात भारतातून आयात केलेली लिफ्टची बटणे किरणोत्सारी असल्याचे आढळले. स्टीलमध्ये कोबाल्ट-६० मिसळले गेले होते. तेथील सुमारे २० कामगारांना सामान्य नागरिकांसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सार लागला होता. मूळ शोधत गेल्यावर माग खोपोली येथील एका ओतशाळेपर्यंत पोहोचला. भंगारासोबत किरणोत्सारी तुकडा भट्टीत गेला होता. येथे क्रोमियम आणि निकेल तपासणाऱ्याला धातू ‘बरोबर’च वाटला असता, कारण दोष त्याने विचारलेल्या प्रश्नाच्या बाहेर होता. चाचणी आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. म्हणून माल कशासाठी वापरला जाणार आहे आणि त्यात कोणता दोष घातक ठरेल, हे आधी ठरवावे आणि मग चाचणी निवडावी.

परीक्षा करून मगच व्यवहार, हा विचार जैन व्यापाऱ्याला परका नाही. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या काळात ठक्कुर फेरू नावाचा श्रीमाळ जैन राजसेवेत होता आणि पुढे टांकसाळीशी त्याचा संबंध आला. त्याने १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. सोने-चांदी शुद्ध कसे करावे हे सांगून, निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांत किती धातू आहे आणि म्हणून त्यांचे मोल किती, याची मोजदाद त्याने दिली. त्यात खुरासानसारख्या दूरच्या प्रदेशातून आलेली नाणीही आहेत. म्हणजे आयात झालेला धातू हाच त्याच्याही पुढचा प्रश्न होता. नाण्यावर राजाची मुद्रा असते, आणि मुद्रा हे त्या काळचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र होते. तरी फेरूने मुद्रेच्या खालचा धातू तपासला. आजही जिल्ह्यातील हुपरीच्या चांदीच्या धंद्यात टंच पाहिल्याखेरीज चांदीचा भाव ठरत नाही. चांदीला जो न्याय आपण सहज लावतो, तो पोलादाला लावताना मात्र संकोचतो.

स्वतंत्र परीक्षा म्हणजे काय, हे आता पाहावे. माल पास झाला किंवा नापास झाला तरी ज्याला काही मिळत नाही आणि ज्याचे काही जात नाही, अशा माणसाने केलेली ती परीक्षा. विक्रेत्याने सुचवलेल्या प्रयोगशाळेत, विक्रेत्याने निवडलेला नमुना पाठवणे ही स्वतंत्र परीक्षा नव्हे. नमुना खरेदीदाराने किंवा त्याच्या निरीक्षकाने, दोन्ही पक्षांच्या समक्ष, वेगवेगळ्या बंडलांतून आणि प्रत्येक हीटमधून घ्यावा. त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करावेत. एक प्रयोगशाळेला द्यावा, एक विक्रेत्याला द्यावा आणि एक वाद झाल्यास जपून ठेवावा. एका हीटचा निकाल दुसऱ्या हीटला लागू होत नाही, हे विसरू नये.

प्रयोगशाळा एनएबीएलची मान्यता असलेली असावी. ही मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली असते, त्यामुळे अशा अहवालाला परदेशातही वजन असते. मात्र मान्यता प्रयोगशाळेच्या नावाला नव्हे, तर ठराविक चाचण्यांना दिलेली असते. आपल्याला हवी ती चाचणी त्या यादीत आहे का, हे विचारून घ्यावे. बिद्रीसारख्या गावातील व्यापाऱ्याला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतकाम उद्योगात धातूचे रासायनिक पृथक्करण हे रोजचेच काम आहे.

चाचण्यांचेही आपापले क्षेत्र असते. हातात धरायचे एक्स-रे यंत्र काही क्षणांत क्रोमियम, निकेल, मँगनीज सांगते. ३०४ आणि २०२ वेगळे करायला ते उत्तम आहे आणि त्याने मालाला इजाही होत नाही. पण सामान्यतः कार्बन ते सांगत नाही. वेल्डिंगच्या कामासाठी ३०४ एल मागवले असेल, तर त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसावा लागतो. तो जास्त असल्यास वेल्डच्या आजूबाजूने धातू आतून कुरतडला जातो. तो तपासण्यासाठी ठिणगी पाडून पृथक्करण करणारे स्पेक्ट्रोमीटर हवे. घटक बरोबर असूनही नळीत चीर असू शकते. तिच्यासाठी पाण्याच्या दाबाची किंवा एडी करंटची चाचणी असते. ताकद पाहायची तर तुकडा ओढून तोडावा लागतो. प्रत्येक चाचणी एका बाजूचे सत्य सांगते. एकाच बाजूला संपूर्ण मानू नये, ही शिकवण अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्या घरांना वेगळी सांगायला नको.

आता पैशाचा आणि कायद्याचा भाग. आयातीत लेटर ऑफ क्रेडिट वापरले जाते आणि अनेकांना वाटते की बँक मध्ये आहे म्हणजे माल सुरक्षित आहे. वस्तुतः यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांच्या पाचव्या कलमानुसार बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. कागद अटीनुसार असले की बँक पैसे देते. कंटेनर उघडल्यावर आत काय निघते, हा तिचा प्रश्न नसतो. म्हणून उपाय कागदातच करून ठेवावा. माल जहाजावर चढण्यापूर्वी अमुक स्वतंत्र निरीक्षण संस्थेने नमुना घेऊन दिलेले प्रमाणपत्र, ही लेटर ऑफ क्रेडिटची एक अटच करावी. ते नसेल तर पैसे सुटणार नाहीत.

माल देशात, इथल्याच आयातदाराकडून घेतला असेल, तर १९३० चा वस्तुविक्री कायदा लागू होतो. त्याच्या ४१ व्या कलमाने खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी दिली आहे. परंतु ४२ व्या कलमानुसार माल स्वीकारल्याचे कळवले, किंवा मालकासारखा त्याचा वापर केला, किंवा वाजवी मुदत उलटूनही तो न नाकारता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते. नळ्या कापून बसवल्यावर अहवाल मागवणाऱ्याचा हात कायद्यात दुबळा होतो. परीक्षा आधी आणि करवत नंतर, हा क्रम पाळावा. खरेदीच्या पत्रातही ग्रेड, मानक, चाचणी कोण करणार, खर्च कोणाचा आणि माल नापास झाल्यास काय, हे चार ओळींत लिहून घ्यावे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ‘‘वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, तपासणी मागितली तर समोरच्याला वाईट वाटेल.’’ या बोलण्यात माणुसकी आहे, पण विचार अपुरा आहे. नाते आपले दलालाशी असते, आयातदाराशी असते. हजारो मैलांवरच्या भट्टीशी आपले कोणतेही नाते नाही. आपला स्नेहीही दुसऱ्याच्या कागदावरच विसंबलेला असतो आणि त्याचीही फसगत होऊ शकते. शिवाय जो नियम सर्वांना सारखा लावला जातो त्याचा अपमान कोणाला वाटत नाही. एखाद्याच मालाची तपासणी मागितली तर तो संशय ठरतो, प्रत्येक मालाची मागितली तर ती पेढीची रीत ठरते.

आता त्या तरुण मुलाच्या प्रश्नाकडे परत यावे. समजा, वडिलांनी माल थांबवला, नमुने पाठवले आणि अहवाल आला. नळ्या ३०४ नाहीत, २०२ च्या जवळच्या आहेत. पैसे गेलेले आहेत. आयातदार टाळाटाळ करतो आहे. कारखान्याचा ठेकेदार घाईत आहे आणि त्याला फक्त प्रमाणपत्राची प्रत हवी आहे. अहवाल फक्त पितापुत्रांनी पाहिला आहे. व्यापाऱ्याची खरी परीक्षा या ठिकाणी सुरू होते, आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात मापात कमीअधिक करणे आहे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे. प्रतिरूपक म्हणजे अस्सलासारखी दिसणारी वस्तू अस्सलाच्या नावाने देणे. पोलादाच्या जाती त्या काळी नव्हत्या, पण व्याख्या आजच्या बंडलाला नेमकी बसते. ‘‘मला माहीत नव्हते’’ हे उत्तर अहवाल येण्यापूर्वी काही अंशी चालले असते, तेही पूर्ण नाही. ज्याला जाणून घेणे शक्य होते आणि ज्याने आळसाने जाणून घेतले नाही, त्याच्या अज्ञानाला शास्त्र प्रमाद म्हणते. आणि अहवाल हाती आल्यावर तर तेवढाही आडोसा उरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या नळ्यांचा काही अपराध नाही. २०२ हा वाईट धातू नव्हे. जिन्याचा कठडा, दुकानातील मांडणी, फर्निचर यांसाठी तो चांगला चालतो. खोटे होते ते फक्त त्याला दिलेले नाव. म्हणून वाटही तिथेच आहे. प्रथम लेखी नकार कळवावा, अहवालाची प्रत जोडावी, जपलेला तिसरा नमुना दाखवावा आणि कायद्याने मिळेल ती भरपाई मागावी. माल परत जात नसेल, तर त्याच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या भावाने, योग्य कामासाठी तो विकावा. यात तोटा होईल. पण हा तोटा वहीत एकदा लिहिला जातो आणि संपतो. खोट्या नावाने विकलेल्या मालाचा हिशेब मात्र दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या शेतात, वर्षानुवर्षे चालू राहतो.

अशा वेळी वडिलांनी मुलाच्या हाती खडू द्यावा आणि प्रत्येक बंडलावर जुना आकडा पुसून नवा लिहायला सांगावे. त्या मुलाला पुढे पेढी चालवायची आहे. कोणता आकडा पुसला आणि तो पुसायला किती पैसे लागले, हे त्याच्या लक्षात राहील.